शांतवन सरांची टाचणी

"डोळे मीट," शांतवन सर म्हणाले.

मी मिटले. माझा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर उताणा होता आणि बोटं पसरलेली होती. खिडकीखाली गल्लीत यंत्रमाग खडखडत होते. इचलकरंजीत ते दिवसरात्र खडखडतात, त्यामुळे गावातल्या माणसाला ते बंद पडले तरच ऐकू येतात.

"टोचलं की सांगायचं. कुठं टोचलं तेही सांगायचं."

हे नवीन होतं. सरांच्या टाचणीशी माझी ओळख जुनी, पण डोळे मिटायला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. परवा मी दुबईच्या दौऱ्यासाठी निघणार होतो. शिष्याची जाता जाता जरा कडक परीक्षा घेत असतील असं मला वाटलं, आणि मी मजेत बसून राहिलो.

"अंगठा," मी म्हणालो. "आता पहिलं बोट. आता मधलं, पण खाली, पेरावर."

मग बराच वेळ काही झालं नाही. श्वास घेताना सरांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची, तेवढी ऐकू येत होती.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय?"

"आता टोचतंय का?"

"नाही सर. टोचा की. घट्टे आहेत, जरा जोर लावा."

"डोळे उघड, सुकुमार."

मी उघडले. टाचणी माझ्या हातात उभी होती. सरांनी ती केव्हाच सोडून दिली होती, त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. बोटाच्या टोकाला नव्हे, तर करंगळीच्या खाली, तळहाताच्या कडेला, जिथं गिटारची तार कधीही लागत नाही तिथल्या मऊ मांसात ती रुतली होती. तिच्या बुडाशी रक्ताचा थेंब धरला होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला काही म्हणजे काही लागत नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला अभिमानच वाटला.

हे समजायला गिटारवाल्याची बोटं माहीत हवीत. शिकायला लागलं की आधी डाव्या हाताच्या बोटांची टोकं लाल होतात, मग त्यांना फोड येतात, मग कातडं सोलून निघतं. पोलादी तार म्हणजे दुसरं काय, सुरीच. निम्मी पोरं तिथंच गिटार खुंटीला टांगतात. जी टिकतात त्यांच्या बोटांना घट्टे पडतात, पिवळट, निबर, टेबलावर आपटले तर टकटक वाजणारे. ते मऊ पडू नयेत म्हणून आम्ही कार्यक्रमाआधी हात भिजवत नसू. मग डाव्या हाताला बऱ्याच गोष्टी कळेनाशा होतात. शर्टाचं कापड मी उजव्या हातानं चाचपून बघायचो. माझी बहीण पद्माक्का घरी मागासाठी कांड्या भरायची, म्हणजे चरख्यावर सूत गुंडाळायची. तुटलेल्या धाग्याचं टोक शोधून दे म्हणाली की मी डावा हात मागं घ्यायचो. हे सगळं आम्ही मिरवायचो. ज्याचे घट्टे जाड तो मोठा वादक, असा आमचा साधा हिशोब होता.

शांतवन सर मूळचे मिरजेकडचे. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी गिटार वाजवायचे आणि गावातल्या सगळ्या जातीधर्मांच्या पोरांना शिकवायचे. महिन्यातून एका रविवारी ते आम्हाला ओळीनं बसवून प्रत्येकाच्या हातावर टाचणी टोचत. टोकाला, पेराला, कडेला, कुठंही. कोणी "आई गं" केलं की गोल पत्र्याच्या डब्यातून त्याला लिमलेटची गोळी मिळे. जो गप्प बसे त्याच्याकडे सर जरा जास्त वेळ बघत, "बरं" म्हणत आणि पुढं सरकत. त्या गोळीला आम्ही रडक्याची गोळी म्हणायचो. ती ज्याला मिळे त्याची आठवडाभर धडगत नसे. साहजिकच सगळ्यांनी दात आवळायला शिकून घेतलं. पुढं पुढं त्या डब्यातल्या गोळ्या उन्हाळ्यात वितळून एकमेकींना चिकटल्या तरी खपत नसत.

आणि आता माझ्या हातात टाचणी उभी होती नि मी हूं की चूं केलं नव्हतं. शाबासकी मिळायला हरकत नव्हती.

सरांनी टाचणी काढली, रुमालानं रक्त टिपलं. मग माझा हात कोपरात दुमडून कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली. नंतर तीच शीर उजव्या हाताची चाचपली. पुन्हा डाव्याची. कोपराखाली माझ्या कातडीवर एक फिकट डाग होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"इथं घाम येतो?"

"शिबं आहे ते सर. कधीपासून आहे."

"घाम येतो का विचारलं."

मी कधी बघितलं नव्हतं. कोण बघतं.

"उद्या माझ्याबरोबर मिरजेला चल," सर म्हणाले. "दवाखान्यात."

मी म्हणालो की उद्या कसं जमेल, परवा सकाळी पुण्याला निघायचंय, तिथून मुंबई, तिथून विमान. पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रानं मला लीड गिटारसाठी निवडलं होतं. दुबई, मस्कत, बहारिन. इचलकरंजीतून असा बोलावा त्याआधी कोणाला आला नव्हता. अक्कानं तिच्या कांड्यांच्या मजुरीतून माझा पासपोर्ट काढला होता, नवा सफारी शिवून घेतला होता. हे सगळं सरांना माहीत होतं.

"दौरा राहू दे," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"हात दाखवून ये, मग पड."

जिना उतरताना माझं डोकं तापलं होतं. कारण मला एक गोष्ट माहीत होती. पुण्याच्या मंडळींनी निवडीच्या वेळी दोघांना थांबवून घेतलं होतं. एक मी आणि दुसरा विनय. विनय म्हणजे सरांचा सख्खा भाचा. मी गेलो नाही तर कोण जाणार हे सांगायला जोशीबुवा लागत नव्हता. माणूस कितीही थोर असला तरी शेवटी आपल्या रक्ताचंच बघतो, असं मी स्वतःशी म्हणालो आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्याचा खोटेपणा सापडला की आपल्या भीतीकडे बघावं लागत नाही.

भीती होती. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून माझी करंगळी मागं पडत होती. गिटारच्या मानेवरचा लांबचा पडदा धरायला ती ताणली जात नसे, धरलाच तर तार नीट दाबली जात नसे, सूर भसकन मरून जाई. मी तारा बदलल्या. नव्या तारा जाड आहेत म्हणालो. मग पातळ आणल्या. मग गिटारची मान वाकली असेल म्हणालो आणि ती नीट करून आणली. शर्टाचं वरचं बटण लावताना बोटं घसरायची तेव्हा अक्काला म्हणालो, शिंप्यानं काजं लहान केलीत.

दुपारी बापूसाहेबांच्या तालमीच्या खोलीत माझा निरोपसमारंभ होता. बापूसाहेब आमच्या गावातल्या ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांनी भजी आणि चहा मागवला होता, सगळे वादक जमले होते. विनयही होता, कोपऱ्यात भिंतीला टेकून. जरा वाजवून दाखव म्हणाले म्हणून मी वाजवलं. एका तानेत करंगळी चुकली. ऐकणाऱ्यांना कळलं नाही, कोणीतरी टाळीही दिली. विनय मात्र माझ्या बोटाकडे बघत राहिला.

"मेणबत्ती होऊ दे की सुकू," ढोलकीवाला म्हणाला. "आता परत कवा बघायला मिळणार."

मेणबत्ती हा माझा आयटम होता. गाणं चालू असताना मध्येच थांबायचं, पेटत्या मेणबत्तीची वात करंगळीनं दाबून विझवायची आणि पुढची तान घ्यायची. यात्रांमधून त्याला शिट्ट्या पडत. सुरुवातीला घट्ट्यातूनही थोडं चटकायचं. गेल्या काही महिन्यांत तेही थांबलं होतं. मला वाटलं, आता हात मुरला.

मेणबत्ती पेटवली गेली. मी करंगळी ज्योतीवर नेली आणि विनयकडे बघत तिथंच धरली. तो काय समजतो मला, एवढंच माझ्या मनात होतं. सगळे हसत होते. मग हसणं एकेक करून थांबलं. कसलासा वास आला.

विनयनं पुढं येऊन मेणबत्ती हातानं उडवली.

"बास की," तो म्हणाला. "बास की आता."

करंगळीचं टोक काळं पडलं होतं आणि पेराखाली पाण्यानं भरलेला फोड टरारला होता. बापूसाहेब म्हणाले, काय हे, दौऱ्याच्या तोंडावर. कोणीतरी दंतमंजन लावायला सांगितलं, कोणीतरी शाई. मी हसून घेतलं. माझ्याशिवाय कोणी हसलं नाही. मी गिटार पेटीत घातली आणि निघालो.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. आम्ही जैन, अक्का त्या बाबतीत कडक. मी पोचलो तेव्हा तिनं पाट मांडले होते, आमटीचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवून माझ्या पाटाशेजारी ठेवलं होतं. माझ्या करंगळीला मी चिंधी गुंडाळली होती. तिनं विचारलं, मी तारेनं कापलं म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही हे दिसलं. आई-वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं आणि मी खोटं बोलतो तेव्हा माझे कान हलतात असं तिचं म्हणणं होतं.

पहिला घास घेतला नाही तोवर दारात शांतवन सर उभे. गावाच्या त्या टोकाहून चालत आले होते, धोतराला धूळ लागली होती. अक्का लगबगीनं उठली, त्यांना खुर्ची दिली, नको नको म्हणत असताना चहा दिला. मी जेवत राहिलो. मुद्दाम मान वर केली नाही.

"पद्मावती," सर तिला म्हणाले, "याला उद्या मिरजेला न्यायचंय. तू सांग त्याला."

"काय झालंय त्येला?"

"विनयला दुबईला पाठवायचंय, ते झालंय," मी म्हणालो.

अक्का मला रागावली. सर रागावले नाहीत. ते कपाकडे बघत बसले आणि मग बोलायला लागले, मला नव्हे, कपालाच सांगत असल्यासारखे.

"मी लहानपणी वसतिगृहात वाढलो हे तुम्हाला माहीत आहे. कसलं वसतिगृह ते कोणाला माहीत नाही. माझे आई-वडील तिथून जवळच राहत. वसाहतीत. तारेच्या कुंपणापलीकडं. सणाला आम्हाला कुंपणापाशी नेत, ते पलीकडून हात हलवत. वडिलांच्या हाताला बोटं नव्हती."

अक्काचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"आम्ही त्यांची निरोगी मुलं. आम्हाला वेगळं ठेवलेलं. महिन्याला एक नर्सबाई यायची आणि आम्हाला ओळीनं बसवून टाचणी टोचायची. जो कळवळला त्याला गुळाचा खडा. जो गप्प बसला तो दुसऱ्या दिवशी पंगतीत नसायचा." सरांनी मला हाक मारली. "सुकुमार, मी तुमचे घट्टे कधी बघितले नाहीत. घट्टे कोणालाही पडतात. मी तुमचं दुखणं बघत होतो. ते ओरडणं ऐकलं की मला बरं वाटायचं, म्हणून गोळी द्यायचो. तुम्ही पोरं दात आवळायला लागला. गेले किती महिने तू गप्प बसतोयस, आणि मी समजतोय, हा पण इतरांसारखा आवळतोय. बरं म्हणत पुढं जात राहिलो. रोज आरशात स्वतःचे कान सुजले का, भुवया झडल्या का ते बघणारा माणूस मी, आणि माझ्या समोरचा हात मला दिसला नाही."

"कसलं दुखणं?" अक्कानं विचारलं. "नाव काय त्येचं?"

सरांना तो शब्द त्या घरात काढायचा नव्हता, आणि त्यांनी तो काढला नाही म्हणूनच मला कळला. लहानपणी नरसोबाच्या वाडीला नदीच्या घाटावर ओळीनं बसलेली, बोटं झडलेली माणसं मी बघितली होती. अक्का माझा हात घट्ट धरून मला तिथून भराभरा ओढत न्यायची.

"काहीतरी सांगू नका," मी म्हणालो. "मी रोज अंघोळ करतो. आमच्या घराण्यात कोणाला नाही. गिटारवाला आहे मी, माझ्या बोटांना कळत नाही यात नवीन काय आहे? तुमच्या तरी बोटांना कळतं का?"

"सुकू," अक्का म्हणाली.

"नाही, सांगू दे त्यांना. इतके दिवस..."

"सुकू, हात." ती पाटावरून अर्धवट उठली होती. "हात काड. आरं, हात काड तिथनं."

मी खाली बघितलं. बोलता बोलता मी डाव्या हातावर भार देऊन वाकलो होतो, आणि माझ्या तळहाताची कड आमटीच्या पातेल्याला टेकली होती. किती वेळ टेकली होती कोण जाणे. अक्कानं माझं मनगट धरून हात ओढला. कडेची कातडी पांढरी पडली होती आणि थोडी पातेल्यालाच राहिली होती.

मी उजव्या हाताचं बोट पातेल्याला लावून बघितलं. ते इतकं भाजलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी घाबरलो. खऱ्या अर्थानं तेव्हा घाबरलो. माझ्या अंगाला जोडलेलं काहीतरी माझं उरलेलं नव्हतं, आणि ते कधी गेलं हेही मला कळलं नव्हतं.

अक्का सरांच्या हातातल्या कपाकडे बघत होती. सरांनी ते बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी धुऊन ठेवतो. मला काही नाही, पण मी धुऊन ठेवतो." इतकी वर्षं गावात राहून त्यांनी हे का लपवलं ते त्या एका वाक्यात कळत होतं. उद्या ही गोष्ट बाहेर फुटली असती तर एकाही आईनं त्यांच्याकडे पोर पाठवलं नसतं.

अक्कानं उठून कप घेतला. चुलीपाशी गेली, चहाचं भांडं उचललं, त्याच कपात उरलेला चहा ओतला आणि कप परत त्यांच्या हातात दिला.

"उद्या किती वाजता निगायचं?" तिनं विचारलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे मिटवले आणि काडीला बांधलेला नायलॉनचा धागा हातावर टेकवत गेल्या. तो जाडीला अगदी गिटारच्या पहिल्या तारेएवढा होता. मी कितीदा हो म्हणालो आणि कितीदा गप्प राहिलो ते त्यांनी हाताच्या चित्रावर खुणा करून ठेवलं. चित्रातली करंगळी, तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू आणि तळहाताची कड कोरी राहिली. कोपराच्या मागची शीर सुजली होती, बोटाएवढी जाड. त्यांनी नाव सरळ घेतलं, कुष्ठरोग, आणि लगेच म्हणाल्या की औषध आहे, पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की घरातल्यांनाही भीती नाही. अक्कानं देवाला हात जोडले.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"रोग जाईल," त्या म्हणाल्या. "शिरेचं किती परत येईल ते आज सांगता यायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांत आलात तर आशा असते. बधिरपणा कधीपासून आहे?"

घट्ट्यांनी ते मला कळूच दिलं नव्हतं.

दौऱ्यावर विनय गेला. हातावर उकळतं सांडलं असं आम्ही पुण्याला कळवलं आणि गावालाही तेच सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. निघण्याआधी विनय घरी आला, दारातच उभा राहिला. मामानं मला काही सांगितलेलं नाही, तो म्हणाला, पण त्या दिवशी तुझ्या बोटाचा वास आला आणि तू हसत होतास. मी त्याला तार छेडायचे माझे परदेशी पिक दिले. देताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्याच्या पाठीकडे बघत मी दाराची कडी उजव्या हातानं लावली.

गोळ्यांची पाकिटं अक्कानं उडदाच्या डब्यात दडवली. शेजारणी आल्या की ती डब्यापाशी जाऊन उभी राहायची. रोज पाण्यात हात भिजवायचा, तेल चोळायचं, बोटं सरळ करायचा व्यायाम करायचा. गिटार बंद. भिजवून भिजवून माझे घट्टे सुटायला लागले. एके सकाळी पहिल्या बोटाचा घट्टा टोपीसारखा निघून आला. खालचं कातडं लहान मुलासारखं गुलाबी होतं. मी त्यानं अक्काच्या चरख्यावरचं सूत चाचपलं आणि तुटलेल्या धाग्याचं टोक सापडलं. अक्काला केवढा आनंद झाला. करंगळीचाही घट्टा निघाला, तिचंही कातडं तसंच गुलाबी होतं, पण तिला सूत सापडलं नाही.

दर रविवारी, बाकीची पोरं गेल्यावर, मी सरांकडे जायचो. पोरांना त्यांनी नवा नियम घालून दिला होता, डोळे मिटायचे आणि ओरडायचं. पोरं खदाखदा हसत ओरडायची. ती गेली की खोली फार शांत व्हायची. मग मी बसायचो.

आता मी स्वतः शिकवतो, तीन बोटांनी वाजवतो, आणि माझ्याही कपाटात पत्र्याचा एक डबा आहे. पण एक रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. पावसाळा संपत आला होता. गावात वीज नव्हती, सगळे माग बंद होते, आणि त्या शांततेत सरांच्या नाकाची शिट्टी ऐकू येत होती. मी डोळे मिटले. हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मधलं," मी म्हणालो. ते सोपं होतं.

मग अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला काहीतरी झालं. दूरवरून कोणी दार वाजवावं तसं. मी दचकलो.

"लागलं," मी म्हणालो. "सर, तिसरं. कडेला. लागलं."

"परत," सर म्हणाले. परत लागलं. त्यांनी माझं मनगट दाबलं. त्या जागेला कित्येक महिन्यांनी काही कळत होतं. आता येणार, मी मनात म्हणत होतो, शेजारचंच तर बोट, आता आलंच. मी सगळं अंग त्या एका करंगळीत नेऊन ठेवलं आणि थांबलो.

"लागलं," मी म्हणालो.

या वेळी सरांनी परत म्हटलं नाही.

"करंगळी, सर. टोकाला. बारीक, पण लागलं. नक्की लागलं."

"डोळे उघड, सुकुमार."

मी उघडले. सरांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. टाचणी त्यांच्या खिशाच्या कडेला टोचून ठेवलेली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

मग त्यांनी डबा उघडला आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. ती घरंगळत करंगळीच्या बुडाशी जाऊन थांबली. ती तिथं आहे हे मला बघूनच कळलं.